पहिली पायरी

साइदेव बारवेच्या पायऱ्या चढून वर आला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. खाली उतरताना त्यानं वर बाभळीचं बन सोडलं होतं. आता तिथं काळाभोर रस्ता होता आणि त्यावरून बैलाविना दोन चाकं मालेगावकडे धावत गेली.

देवगिरीच्या राजासाठी वाटा मोजत त्यानं आयुष्यभर मुलूख पालथे घातले होते. त्यामुळे तो बोंबलत बसला नाही. आपण भलत्याच काळात निघालो, एवढं त्याला उमगलं. तळाशी पाण्यातली कमान होती. आला त्याच कमानीतून परत जायचं. पण पाणी चढत होतं, आणि कमान बुडाली की वाट संपली.

पहिल्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. कोपरापर्यंत बांगड्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं. तिनं त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्यालाच नजर खाली घ्यावी लागली.

"बस," ती म्हणाली. "जेव."

"मज बैसतां न ये. माझी लेंकी तेथ एकली असे. साहा वरुषांची."

म्हातारीला घरी न्यायला आलेली तिची सून, रंजीता, हसू दाबत म्हणाली, "माय, हे कोणतं बोलून राह्यले? मले तं काही समजत नाई."

"मले समजते," म्हातारी, रामीबाई, म्हणाली.

"माय रोज इथंच बसते," रंजीतानं पाहुण्याला सांगितलं. "आमचे हे ऊसतोडीले गेले ना, त्याईची वाट पाह्यते." सासू हलत नाही असं पाहून ती एकटीच माघारी गेली.

साइदेव ओला दोरा गुंडाळू लागला. चाललेल्या दर कोसासाठी एक गाठ, दोन वेढ्यांची. ती गाठ त्याची स्वतःची होती आणि लेक एल्हाईशिवाय त्यानं ती कुणाला शिकवली नव्हती. आज दोऱ्याचं एक टोक तिच्या मनगटाला बांधून, दुसरं हाती धरून तो बारवेत उतरला होता. मी येईतो पहिल्या पायरीवरून उठायचं नाही, असं तिला बजावलं होतं. मधेच दोरा तुटला. कमानीच्या दगडावर घासला असणार, दुसरं काय?

"उठली असन तं?" रामीबाईनं विचारलं.

"नुठे. माझा बोलु मोडी ना ती."

रामीबाईनं पदर डाव्या मनगटावर ओढला आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं घाईघाईनं एक घास खाल्ला. मग लेक उपाशी आहे आणि आपण जेवतो आहोत, या विचारानं उरलेला तुकडा त्यानं खाली ठेवला.

"खाल्लं असन तिनं," म्हातारी म्हणाली. "कोनीतरी घातलं असन. जग एवढं वाईट नाई."

परक्या मुलखात आईसारखं कुणी भेटलं, असं त्याला वाटलं. तो वाकून तिच्या पाया पडायला गेला तर तिनं झटकन पाय मागे घेतले.

"नको. पाप लागते."

खाली पाणी कमानीच्या माथ्याला भिडत आलं होतं. साइदेव उठला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत उतरू लागला. लेक वाट पाहते आहे, दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

"थांब."

तो वळला. रामीबाई पायरीवरच बसून होती. तिनं बांगड्या वर सारल्या. आत एक दोरा होता. नव्या सुतात पुनःपुन्हा ओवून जपलेला, काळा पडलेला जुना तुकडा, आणि त्यावर दोन वेढ्यांची गाठ.

"एकडावच उठली व्हती रे मी, बा," ती म्हणाली. "तुह्या मागं त्या कमानीतून आली, तं तू कुठंच नव्हता. मंग साठ वर्सं इथंच बसली. आता रागावू नको."