एकोणतिसावा दिवस

अपंग पेन्शनच्या कचेऱ्या कशा चालतात, हे तपासत मी रोमानियाच्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते. यंदा एका कचेरीत रखडलेला अर्ज एकही सापडला नाही. बाहेर बाकावर तोआदेर नावाचे आजोबा बसले होते. शेजारी त्यांची बायको लेनुत्सा, एक पाय गुडघ्यापासून कापलेला.

मी कौतुकाने विचारलं, "आता काम झटपट होतं ना?"

"झटपट! तीस दिवसांत निकाल लावा, असा वरून नियम आलाय. म्हणून हे लोक एकोणतिसाव्या दिवशी कागद कमी म्हणून अर्ज परत करतात. हिला चौथ्यांदा तपासायला आणलंय."

लेनुत्साबाई हसल्या. "पाय उगवला का, ते बघतात."

मी मुख्य कचेरीत जाऊन भांडले. परत पाठवलेला अर्ज निकाली धरायचा नाही, असं ठरवून घेतलं. महिन्याभरात त्यांची पेन्शन सुरू झाली.

मग आजोबा बुखारेस्टला माझ्या टेबलापाशी आले, आलुबुखाराच्या मुरांब्याची बरणी घेऊन. "हिनं पाठवलाय. तो नियम करणाऱ्याला रोज शिव्या देते, आणि तुम्हाला आशीर्वाद."

मी बरणी घेतली, आशीर्वादही घेतला. तो तीस दिवसांचा नियम मीच केला होता, हे मात्र माझ्याने सांगवलं नाही.