पुनर्विकासाचे अश्रू

बिल्डरच्या एसी ऑफिसात बोलणी चालू असताना दत्तारामकाकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जुनं घर सुटणार म्हणून म्हातारा रडतोय, असं वाटून बिल्डरने प्रत्येक घराला वीस चौरस फूट वाढवून दिले.

डॉक्टर मात्र म्हणाले, "डोळे कोरडे पडलेत. एसीत चुरचुरतात, म्हणून पाणी येतं. हे थेंब दिवसातून चार वेळा घाला."

संध्याकाळी सोसायटीची सेक्रेटरी श्वेता काकांकडे आली. "काका, अ‍ॅग्रीमेंट होईपर्यंत बाटली खिशातच राहू दे. तोवर मोबाइल बघा आणि पापण्या कमी मिटा."

"आणि आंधळो झालंय तर गो?"

"नवीन बिल्डिंगला लिफ्ट आहे ना."

पुढच्या बैठकीत काकांचे डोळे भरून येण्याआधीच बिल्डरचे वाहू लागले. "आणखी जागा दिली तर मी रस्त्यावर येईन," तो म्हणाला.

श्वेताने हातातली फाइल मिटली. "राहू दे ना काका. ते वीस फूटही नकोत आपल्याला."

काकांनी वर एसीकडे पाहिलं, रोज त्याच्याखाली बसणाऱ्या बिल्डरकडे पाहिलं आणि खिशातली बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"दिवसातून चार वेळा घाल. मगे बोलूया."