खडक पाण्यात उतरतात तिथं

झाकण खडखडलं. रश्श्याला उकळी आली होती, एवढंच. पण म्हातारी एडिथमावशी आल्यापासून घरात कुणी बोललंच नव्हतं. लोरिंडा दचकली.

मावशी वेल्डाकडून आली होती. वेल्डा म्हणजे लोरिंडाची धाकटी बहीण. तिची लेक वयात आली होती. त्यासाठीचा उगवतीचा नाच ठरला होता, सगळं खोरं जेवायला येणार होतं. काल वेल्डा ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, "ताई, ओकफळं आहेत का गं थोडी? रश्श्यात घालायला."

"संपली गं," लोरिंडा म्हणाली होती.

पलंगाखाली दोन पोती होती. स्वतःच्या लेकीच्या, कियाच्या नाचासाठी राखलेली. किया सहा वर्षांची. ती वयात येईतोवर फळांना कीड लागली असती, हे लोरिंडालाही कळत होतं. पण लेकीसाठी काहीतरी राखलंय, या विचारानं तिला झोप चांगली लागायची.

तिनं मावशीला वाडगा दिला. मावशीनं एक घोट घेतला. मग आणखी एक. तेव्हा कुठे लोरिंडाच्या ध्यानात आलं, की सवयीनं आपण रश्श्यात मूठभर ओकफळं वाटून घातलीत.

"खडक पाण्यात उतरतात तिथं घडलं ते," मावशी म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली.

कुणी चुकलं तर अपाची माणसं रागावत नाहीत. तशीच जुनी गोष्ट कुठं घडली तेवढं सांगतात. दुकानाच्या वाटेवर, नदीच्या वळणाशी त्या नावाची जागा आहे. तिथं एका बाईनं बहिणीपासून मका लपवला होता. पुढे बर्फात ती आजारी पडली. कुणी तिला बोल लावला नाही. फक्त तिच्याकडे जळणाची लाकडं घेऊन कुणी गेलं नाही.

"मीठ बेताचं पडलंय, छान," उठताना मावशी म्हणाली.

लोरिंडानं दोन्ही पोती पिकअपमध्ये टाकली आणि वेल्डाकडे निघाली. किया शेजारी बसली. वळणाशी खडक रोजच्यासारखे पाण्यात उतरत होते. लोरिंडानं तिकडे पाहिलं नाही. कियानं पाहिलं.

"आई, त्या बाईचं नाव काय होतं?"

"कुणालाच आठवत नाही."

"फक्त जागा आठवते?"

"हं."

कियानं मागं घराच्या दिशेनं वळून पाहिलं.

"मग काल वेल्डामावशी उभी होती ना, त्या आपल्या ओट्याला मी मोठेपणी काय म्हणायचं?"