माशाच्या कानातला दगड

गेन्पेइने पेन डाव्या हातात धरलं आणि पोस्टकार्डावर पहिली ओळ वेडीवाकडी उमटवली. उजव्या हाताने लिहिलं की अक्षर पंचाहत्तरीचं दिसे, डाव्याने दुसरीतल्या पोराचं. शिवाय अवघड चिनी अक्षरं टाळायची, सगळं पोरांच्या सोप्या लिपीत लिहायचं. दोन वर्षांत हात चांगला बसला होता.

"‘पाऊस लागला, आजिसाईची फुलं निळी झाली, आपण सर्व कुशल असालच,’" तोकिए त्याच्या खांद्यावरून मोठ्याने वाचत होती. केस कुरळे करायचं तिचं दुकान त्याच्या मासळीच्या दुकानाला लागूनच होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की ती इथेच पडीक असे. "गेन-सान, खाली सही ‘दुसरीतला खेकडा’ आणि वर सुरुवात देवळातल्या पुजाऱ्यासारखी. दुसरीतलं पोर ऋतूची खबर देतं का कधी?"

"ऋतूची खबर न देता पत्र सुरू करायचं म्हणजे चपला घालून घरात शिरायचं."

"मग पकडले जाल एक दिवस."

"अजून तरी नाही गेलो."

दर रविवारी सकाळी दहाला रेडिओवर मुलांच्या शंकांचा तास लागे. मुलं टोपणनावाने कार्डं पाठवत आणि जाणकार मंडळी उत्तरं देत. दोन वर्षांपूर्वी गेन्पेइने सहज रेडिओचा काटा फिरवला आणि हा कार्यक्रम लागला. समुद्री जीवांवर कुणी हिराओ बाई बोलत होत्या. गेन्पेइच्या हातातली सुरी तिथल्या तिथे थांबली. त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नाही. गिऱ्हाइकाला तो बोटानेच थांब म्हणे. फुगा मासा स्वतःच्या विषाने का मरत नाही, चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे, असं काय काय त्याने विचारलं. पिल्लू असताना चपट्याचे डोळे दोन्हीकडे असतात, मग एक डोळा सरकत सरकत डोक्यावरून पलीकडे जातो, हे बाईंनी सांगितलं तेव्हा तर तो दिवसभर गिऱ्हाइकांना तेच ऐकवत बसला होता.

"आणि काय हो," तोकिए म्हणाली, "‘पुस्तकाने मासा सोलला जात नाही’ म्हणणारे तुम्हीच ना?"

"म्हणत होतो. माणसाला अक्कल उशिरा येते."

"यायला लागली की कार्डं बंद."

ते मात्र खरं होतं. पुढच्या महिन्यापासून कार्डं घेणार नाही, मुलांनी थेट फोनवरच बोलायचं, असं निवेदकाने मागच्या रविवारी जाहीर केलं होतं. म्हणजे हे शेवटचं कार्ड. ते वाचलं गेलं नाही तर सगळं संपलं. आठवडाभर गेन्पेइला जेवण गोड लागलं नव्हतं.

"फोन करा की. नातू लाजाळू आहे म्हणावं."

"आवाज ओळखतील."

"तुमचा? तुम्ही काय पंतप्रधान लागून गेलात?"

गेन्पेइने कार्डावर मान खाली घातली. "म्हाताऱ्याचा आवाज लपतो होय," तो पुटपुटला.

विचारायचं काय, हे मात्र ठरलेलं होतं. महिन्यापूर्वी बाईंनी माशाच्या कानातल्या दगडाविषयी सांगितलं होतं. इशिमोची माशाच्या डोक्यात तांदळाहून मोठे दोन पांढरे दगड असतात, हे कुठल्याही मासेवाल्याला ठाऊक असतं. पन्नास वर्षं गेन्पेइने ती डोकी तोडली आणि दगड केरात टाकले. बाई म्हणाल्या, तो दगड मधोमध मोडा, मोठ्यांच्या मदतीने मेणबत्तीवर किंचित भाजा आणि भिंगातून बघा.

त्याने बघितलं. झाडाच्या बुंध्याला असतात तशी वलयं, एकात एक. माशाचं वयच तिथे लिहून ठेवलेलं. एक वलय मात्र बारीक, दाबल्यासारखं होतं. उपासमारीचा काळ असा उमटतो, असं बाईंनी सांगितलं होतं. गेन्पेइ भिंग धरून कितीतरी वेळ उभा राहिला. एवढ्याशा दगडात एक आख्खा जन्म मावला होता, आणि आपण तो झाडून टाकत होतो, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने लिहिलं, "माझ्या माशाचं एक वलय फार बारीक आहे. पुढे मासा पोटभर जेवला तर ते पुसलं जातं का?"

कार्डावर पत्ता घातला नाही. तो कधीच घालत नसे.

रविवारी तोकिएसुद्धा दुकान बंद ठेवून आली. निवेदकाने आजिसाईची ओळ वाचली आणि तो पोट धरून हसला. "काय हो बाई, केवढा हा शिष्टाचार! दुसरीतला खेकडा आमच्यापेक्षा मोठा दिसतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि पुढचा प्रश्न स्वतःच वाचला.

"नाही, खेकडा," मग बाई सावकाश म्हणाल्या. "पुसलं जात नाही. दगडात जे उमटलं ते माशाबरोबर जन्मभर राहतं. पण मासा जगला, तर त्यावर नवीन वलयं चढत जातात. तू ते बारीक वलय पाहिलंस, कारण तुझा मासा त्यानंतरही वाढत राहिला. नाहीतर ते कडेलाच असतं."

गेन्पेइने रेडिओ बंद केला आणि फळीवरचे मासे उगाचच पुन्हा मांडायला घेतले.

"झालं तुमचं विज्ञान," तोकिए म्हणाली. पण तिने चेष्टा केली नाही, दोन कप चहा करून आणला.

गुरुवारी पोस्टमन बर्फाच्या पेटीवर एक कार्ड ठेवून गेला. पत्ता दुकानाचा बिनचूक होता आणि नाव होतं ‘दुसरीतला खेकडा’. तोकिए म्हणाली, "बघा, पकडले गेलात." गेन्पेइने ओले हात पुसले, एकदा नाही, तीनदा, आणि कार्ड उलटं केलं. पोरांच्या सोप्या लिपीत, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"बाबा, ओबोनच्या सुट्टीत घरी येते आहे. या खेपेला माझा मायक्रोस्कोप समुद्रात टाकू नका."