सुगंधाबाईंची चाचणी

"चाचणीला ओळखीचं माणूस नको," धनराजने पुन्हा बजावलं. "ओळखीचं माणूस भिडेपोटी छान-छान म्हणतं."

"तुम्ही ओळखता का यांना?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नाही."

"मग झालं. या सुगंधाबाई. आमच्या पोंभुर्ण्याकडच्या."

सिंदेवाहीत बियाण्यांच्या दुकानावर एका खोलीत त्या दोघांचं काम चाले. धनराज ॲप बांधायचा, ते दिसेल कसं हे ज्योत्स्ना ठरवायची. कामाबद्दल तो तिच्याशी दिवसभर बोले. कामाबाहेरचं एक वाक्य बोलायचं झालं, तर मात्र त्याला एकदम पाणी प्यायची आठवण होई.

हे ॲप पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जाणाऱ्या बायकांसाठी होतं. वाघ दिसला की एक बटण दाबायचं, आसपासच्या सगळ्या बायकांचे फोन वाजायचे. उद्या त्या बायकांची बैठक होती. आपल्यासारख्या एका बाईने कोणी न शिकवता ते चालवून दाखवावं, नाहीतर नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मोहाचा हंगाम सुरू झाला होता. आज जमलं नाही तर पुढच्या हंगामापर्यंत काही खरं नव्हतं.

धनराजने खुर्ची खाली अंगणात, उन्हात मांडली. पंख्याखाली सगळीच ॲप चांगली चालतात, असं त्याचं म्हणणं होतं. फोनही त्याने मुद्दाम साधा, काचेला तडा गेलेला घेतला.

"बाई, चुकलं तर ती ॲपची चूक, तुमची नाही," तो म्हणाला. "मी मधे बोलणार नाही."

"काऊन? मुका हायेस का?"

"नाही. बोललो तर तुम्हाला शिकवल्यासारखं होईल. समजा, समोर वाघ आहे. आता ॲप उघडा."

"वाघ समोर हाये अन् मी फोनात पाहू?"

ज्योत्स्ना खुदकन हसली. धनराजही हसला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, कारण मदतीला आपोआप पुढे येणाऱ्या बोटाची त्याला खात्री नव्हती.

सुगंधाबाईंनी फोन आधी उलटा धरला. मग सुलटा केला. मग कॅमेरा उघडला आणि धनराजचाच फोटो निघाला.

"हे काय झालं बाप्पा?"

"काही नाही. मागे या, पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. यावेळी टॉर्च लागला. नंतर गाणं सुरू झालं. धनराज हलला नाही.

"घरी कोण-कोण हाये तुह्या?" फोन चाचपत त्यांनी विचारलं.

"आई, बाबा अन् एक म्हैस."

"चहा कोण मांडते?"

"जो आधी उठतो तो."

"मंग तुही आईच मांडत असन."

"नाही बाई. म्हशीमुळे मलाच आधी उठावं लागतं."

"अन् तंबाखू-खर्रा?"

"नाही खात. बाई, ते ॲप..."

"थांब ना. कुठी पळून राह्यलं तुहं ॲप?"

ज्योत्स्ना एकाएकी समोरच्या आंब्याचा मोहर निरखू लागली.

अखेर ॲप उघडलं. स्क्रीनभर मोठा, शेंदरी वाघ आला. त्याच्यावर बोट ठेवलं की काम झालं.

सुगंधाबाईंनी पायातल्या चपला काढल्या, फोन मांडीवर ठेवला आणि हात जोडून डोळे मिटले.

ज्योत्स्नाने पदराशी चाळा करावा तशी ओढणी बोटाला गुंडाळली. धनराज हसला नाही. तो खाली मातीत, त्यांच्या खुर्चीशेजारी बसला.

"बाई, काय दिसलं तुम्हाला?"

"वाघोबा. आमच्या शिवेवर असाच बसला हाये, शेंदूर फासून. देवाले बोट कसं लावू मी?"

धनराज ताडकन उठला. त्याचा चेहरा उजळला होता.

"ज्योत्स्ना, आपलं चित्र चुकलं! बरं झालं आजच कळलं. जंगलात खरा वाघ समोर असता आणि बाई हात जोडून उभी राहिली असती!"

चित्र ज्योत्स्नाने काढलं होतं. रंगही तिचाच होता. तो 'आपलं' म्हणाला, तेव्हा सुगंधाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

मग त्या दोघांनी तिथेच पायरीवर बसून चित्र बदललं. वाघ गेला, मातीत उमटलेला काळा पंजा आला. त्याच्याखाली 'वाघ' असं ठळक लिहिलं. चुकून दाबलं गेलं तर परत घ्यायला 'नाई नाई' असं दुसरं बटण दिलं. ते नाव ज्योत्स्नाला सुचलं आणि धनराजला इतकं आवडलं, की तो पाणी प्यायला वर जाऊन आला.

सुगंधाबाईंनी फोन हातात घेतला. यावेळी कुठेही न अडखळता त्यांनी पंज्यावर अंगठा दाबला.

ज्योत्स्नाच्या हातातला फोन भोंग्यासारखा वाजला. दुकानदार बाहेर धावत आला. रस्त्यावरचं कुत्रं भुंकत सुटलं. धनराजने टाळी वाजवली आणि आपण काय केलं हे लक्षात येऊन लाजला.

"जमलं बाई! उद्या बैठकीत सांगाल ना?"

"सांगीन नाई तं काय? मी सोता सांगतो बायायले." त्या चपला घालू लागल्या. "तू बाकी रागावत नाईस रे बाबू."

"रागवायचं काय त्यात? चूक ॲपची होती."

धनराज उरलेलं काम करायला वर धावला. ज्योत्स्ना सुगंधाबाईंना सोडायला बस स्टँडवर गेली.

बस यायची होती. बाकावर बसून सुगंधाबाईंनी पिशवीतून स्वतःचा फोन काढला. सराईत अंगठ्याने दोन ठिकाणी दाबून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे टोपी घातलेले एक गृहस्थ दिसले.

"काय झालं वं? केव्हाचा वाट पाहून राह्यलो!"

सुगंधाबाईंनी फोन ज्योत्स्नाच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे वळवला.

"हे पाहा, कशी लाजून राह्यली आपली पोरगी. सांगून टाका साऱ्यायले, जावई पसंत हाये!"