पहिलं घर

पहिलं घर घेणाऱ्याला सरकार अनुदान देतं हे कळलं, तेव्हा लाँड्रीत इस्त्री करता करताच धाकटीनं नव्या घराचे पडदेसुद्धा ठरवून टाकले. नवरा सोडून गेल्यापासून ती लेकीला घेऊन भाड्याच्या खोलीत दिवस काढत होती, आणि आता मालकाला तीही रिकामी हवी होती.

कचेरीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "तुम्ही तर अनुदान उचललंय, बाई! हे जन्मात एकदाच मिळतं."

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नाआधी दादा म्हणाला होता, "माझं एक घर आहे, त्यामुळे मला देत नाहीत. दुसरं तुझ्या नावानं घेऊ. तुला काय, नवऱ्याचं घर मिळणारच आहे!" पुढे ते घर तिनं मुकाट्यानं दादाच्या नावावर करून दिलं होतं.

ती तडक दादाकडे गेली. सगळं ऐकून दादाचे डोळे भरून आले. "वेडे, भाऊ जिवंत असताना तू रस्त्यावर येशील? त्याच घरात राहायला ये. उद्याच सामान आण."

धाकटी हुंदके देऊन रडली. दादानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"एकट्या बाईचं निम्मं भाडं सरकार भरतं, थेट घरमालकाच्या खात्यात. उरलेलं निम्मं काय, तू सहज देशील."

"आणि वन्सं," वहिनी आतून म्हणाली, "भिंतींना खिळे ठोकू नका हं. भाडेकरू फार ठोकतात."