पांढऱ्या उजेडाचा गोळा

चंद्रावरच्या वसाहतीला ऊब देणाऱ्या अणुभट्टीत मंदाकिनी सबनीस रोज शिरत असे. खऱ्या भट्टीत नव्हे, क्ष-किरणांनी टिपलेल्या तिच्या प्रतिकृतीत. ती प्रतिकृती दाखवणारा टोप डोक्यावर चढवला की भट्टीतल्या गोळ्यांमधले खसखशीएवढे इंधनाचे दाणे घराएवढे होत आणि ती त्यांच्यामधून तरंगत जाई. हिशेबात ते सगळीकडे सारखे पसरलेले धरले होते. प्रत्यक्षात कसे पडलेत, हे पाहणं तिचं काम.

आज एका गोळ्यात दाणे एकमेकांना खेटून बसले होते. उष्णता दाखवणारा, इतरत्र केशरी असलेला उजेड तिथे पांढराशुभ्र झाला होता. तिला तिथून हलावंसंच वाटेना.

टोप काढून ती प्रमुखांना, दस्तुरांना म्हणाली, "तो गोळा बाहेर निघेपर्यंत भट्टी मंद करा."

"घरं गारठतील, बाई. तुमच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरलेत ना?"

"म्हणूनच सांगतेय. तापून दाण्यांची कवचं फुटली, तर आतलं किरणोत्सारी विष तिच्याही घरात जाईल."

दस्तुरांनी भट्टी मंद केली. तेवढ्या उष्णतेत फक्त रोपवाटिका गरम राहणार होती, म्हणून सगळी वसाहत पांघरुणं घेऊन तिथे आली. टोमॅटोच्या वेलांखाली माणसं दाटीवाटीनं निजली. तिथेच बहिणीला मुलगी झाली. अंधारातून कुणीतरी आपली शाल पुढे केली, मग आणखी कुणीतरी. शाली हातोहात सरकत आल्या.

"ताई, पुरे म्हण त्यांना," बहीण हसून म्हणाली, "हिला घाम आलाय."